हरण्याचा हक्क

कार्डिफहून मर्थर टिडफिलला जाणारी गाडी टाफ नदीचं बोट धरून दक्षिण वेल्सच्या डोंगरात चढत जाते. प्रवास जेमतेम तासाभराचा. खिडकीबाहेर एकमेकांना खेटून बांधलेल्या दगडी घरांच्या ओळी आणि त्यांच्या माथ्यावर हिरव्या टेकड्या. त्यातल्या काही टेकड्या निसर्गाच्या नव्हेत. खाणीतून उपसलेला खडक आणि कोळशाची रेव पिढ्यान्‌पिढ्या वर नेऊन टाकली, तिचे हे डोंगर झाले. आता त्यांच्यावर गवत आलं आहे, मेंढ्या चरतात.

मुष्टियुद्धाची आवड असलेल्या माणसाला या वाटेवर मार्गदर्शक लागत नाही. पाँटिप्रिद आलं की फ्रेडी वेल्शचं नाव आठवतं. १९१४ मध्ये तो लाइटवेट गटाचा जगज्जेता झाला आणि १९२७ मध्ये न्यूयॉर्कमध्ये कफल्लक अवस्थेत गेला. इथूनच ऱ्होंडा खोऱ्याचा फाटा फुटतो. त्या खोऱ्यातल्या टायलर्सटाउनमध्ये जिमी वाइल्ड वाढला. वजन पन्नास किलोच्याही आत, पण जत्रेतल्या तंबूत आव्हान द्यायला येणाऱ्या दांडग्या खाणकामगारांना तो आडवं करायचा. पलीकडच्या टोनीपँडीचा टॉमी फार १९३७ मध्ये न्यूयॉर्कला जो लुइससमोर पंधराच्या पंधरा फेऱ्या उभा राहिला. तो गुणांवर हरला, पण त्या रात्री अख्खं खोरं रेडिओला कान लावून जागं होतं.

इतक्या छोट्या मुलखात इतके मुष्टियोद्धे कसे निपजले? उत्तर खाणीतच आहे. बाराव्या-तेराव्या वर्षी पोरं जमिनीखाली जायची. कमी उंचीच्या बोगद्यात आडवं पडून कोळसा फोडताना खांदे आणि मनगटं तयार व्हायची. वर येऊन जत्रेतल्या तंबूत काही फेऱ्या टिकाव धरला, तर आठवड्याच्या मजुरीत भर पडायची. दारूच्या गुत्त्याच्या माडीवर किंवा एखाद्या पडक्या शेडमध्ये सराव चाले. कोल्हापुरात जसं पेठेला तालमीचं नाव चिकटलेलं असतं, तशी इथे प्रत्येक गल्लीला स्वतःच्या बॉक्सरची ओळख होती.

ॲबरकायनन मागे पडतं. १८०४ मध्ये रिचर्ड ट्रेव्हिथिकचं वाफेचं इंजिन मर्थरच्या पेनीडॅरन कारखान्यातून दहा टन लोखंड आणि सत्तरेक माणसं घेऊन इथवर आलं होतं. रुळांवरून वाफेच्या जोरावर झालेली ही पहिली वाहतूक. पुढे मर्थर व्हेल स्टेशनाच्या आसपास डब्यातलं बोलणं थोडं कमी झाल्यासारखं वाटलं. कदाचित माझ्याच मनाचा खेळ असेल. समोरच्या उतारावर पांढऱ्या कमानींच्या रांगा दिसतात. ती ॲबरफॅनची दफनभूमी. २१ ऑक्टोबर १९६६ च्या सकाळी खाणीच्या रेवेचा डोंगर घसरला आणि शाळेवर कोसळला. १४४ माणसं गेली, त्यात ११६ मुलं होती.

मर्थरचं स्टेशन आता लहानसं, एका फलाटाचं आहे. एके काळी हे गाव जगाला लोखंड पुरवत होतं. डाउलेस, कायफार्था, प्लिमथ, पेनीडॅरन या चार कारखान्यांच्या भट्ट्यांनी रात्रीचं आभाळ लाल असायचं. १८५१ च्या शिरगणतीत वेल्समधलं सर्वांत मोठं शहर हेच. कायफार्थाच्या मालकाने, विल्यम क्रॉशे याने, आपल्या भट्ट्या दिसतील अशा बेताने उंचावर किल्ल्यासारखा वाडा बांधला. आज तिथे संग्रहालय आहे. मालक वाड्यात आणि मजूर चिखलात, हे फार काळ चाललं नाही. १८३१ मध्ये मजुरी कापल्यावर आणि कर्जवसुलीच्या जाचाला कंटाळून गाव उठलं, सैन्य आलं, गोळीबार झाला. डिक पेंडेरिन या तरुण खाणकामगाराला कार्डिफमध्ये फासावर चढवलं. तो निर्दोष होता, असं वेल्स आजही मानतं.

या गावात मुष्टियोद्ध्यांचे तीन पुतळे आहेत. त्यातले दोन सेंट टिडफिल नावाच्या बाजारसंकुलात, मोबाइलची दुकानं आणि बेकऱ्यांच्या गर्दीत. इथे कुणी हात जोडत नाही. बायका पिशव्या खाली ठेवतात, पोरं चौथऱ्यावर बसून वेफर्स खातात.

पहिला हॉवर्ड विन्स्टन. पोरवयात खेळण्यांच्या कारखान्यात काम करताना त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं यंत्रात सापडली आणि टोकं तुटली. उजखोऱ्या बॉक्सरचा जोरदार ठोसा त्याच हाताचा असतो. दुसरा कुणी घरी बसला असता. विन्स्टनने डाव्या हातावर सगळी भिस्त ठेवली. त्याचा डावा ठोसा इतक्या झपाट्याने आणि इतक्या वेळा जायचा, की समोरच्याला स्वतःचा ठोसा मारायला उसंत मिळत नसे. १९५८ च्या कार्डिफमधल्या राष्ट्रकुल स्पर्धेत वेल्सला मिळालेलं एकमेव सुवर्णपदक त्याचं.

पुढे त्याच्या वाटेत मेक्सिकोचा व्हिसेंते साल्दिव्हार उभा राहिला. जगज्जेतेपदासाठी दोघं तीनदा भिडले, तिन्ही वेळा विन्स्टन हरला. १९६७ मध्ये कार्डिफच्या निनियन पार्कवर झालेली दुसरी लढत पंचांनी अवघ्या अर्ध्या गुणाने साल्दिव्हारला दिली. तो अर्धा गुण मर्थरने अजून सोडलेला नाही. पुतळ्याजवळच्या बाकावर बसलेल्या आजोबांशी बोलणं निघालं, तेव्हा त्यांनी शेवटच्या फेऱ्यांचा हिशेब मला बोटांवर मोजून दाखवला. साल्दिव्हार निवृत्त झाल्यावर जानेवारी १९६८ मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये जपानच्या मित्सुनोरी सेकीला हरवून विन्स्टन फेदरवेटचा जगज्जेता झाला. किताब सहा महिनेच टिकला, पण गावाला तेवढे पुरले.

विन्स्टनचा गुरू एडी थॉमस. त्याचा पुतळा थोड्या अंतरावर बेथेस्डा बागेत आहे. तो स्वतः वेल्टरवेट गटात ब्रिटनचा आणि युरोपचा विजेता होता, पण गाव त्याला ओळखतं ते रिंगच्या कोपऱ्यातला माणूस म्हणून. दोन फेऱ्यांच्या मधे मिनिटभराची विश्रांती असते. तेवढ्यात भुवईवरची जखम पुसायची, ॲड्रिनलिनमध्ये भिजवलेला बोळा दाबून रक्त थांबवायचं, वर व्हॅसलीन फासायचं आणि माणसाला पुन्हा उभं करायचं, हे काम थॉमससारखं कुणी करत नसे. १९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्याचा दुसरा शिष्य, एडिंबराचा केन ब्यूकॅनन, इस्माएल लागुनाशी लढत होता. ब्यूकॅननचा डावा डोळा सुजून बंद व्हायला आला. थॉमसने ब्लेडने त्या सुजेला बारीक चीर दिली, साकळलेलं रक्त वाहून गेलं, पापणी उघडली. ब्यूकॅनन जिंकला. हाच थॉमस मेक्सिको सिटीत विन्स्टनचा तिसरा सामना हातातून निसटताना पाहून टॉवेल फेकणारा. कुठे माणसाला उभं करायचं आणि कुठे थांबवायचं, हे दोन्ही त्याला कळत होतं. ॲबरफॅनला ढिगारा उपसणाऱ्या खाणकामगारांमध्येही तो होता. आयुष्याच्या अखेरीस गावाने त्याला महापौर केलं.

बाजारसंकुलातला दुसरा पुतळा जॉनी ओवेनचा. छायाचित्रांत पाहिलेला तो हाडकुळा पोरगा, काटकुळे हात, मोठे कान. ‘मर्थरची आगकाडी’ हे त्याचं टोपणनाव. बोलायला लाजाळू, धावायला लांडग्यासारखा. ब्रिटन, राष्ट्रकुल आणि युरोप असे तिन्ही बँटमवेट किताब त्याने चोविसाव्या वर्षापर्यंत मिळवले. सप्टेंबर १९८० मध्ये लॉस एंजेलिसला मेक्सिकोच्या लुपे पिंटोरशी जगज्जेतेपदाची लढत झाली. बाराव्या फेरीत तो कोसळला तो शुद्धीवर आलाच नाही. ४ नोव्हेंबरला गेला. त्याची कवटी नेहमीपेक्षा पातळ होती, असं नंतर निष्पन्न झालं.

ओवेनच्या घरच्यांनी पिंटोरला दोष दिला नाही. उलट लढत राहा, असा निरोप पाठवला. बावीस वर्षांनी जॉनीचे वडील डिक मेक्सिकोला जाऊन त्याला भेटले आणि पुतळ्याचं अनावरण तुझ्याच हातून व्हावं, असं त्यांनी सांगितलं. २००२ मध्ये पिंटोर मर्थरला आला आणि ज्याच्यावर त्या लढतीतला त्याचा शेवटचा ठोसा पडला होता, त्याच्याच पुतळ्यावरचा पडदा त्याने दूर केला. मेक्सिकोने या गावाला दोनदा रडवलं, तरी मेक्सिकोच्या माणसाला इथे मान मिळतो.

इथवर आलं की पाहुणे बहुधा कॉफी पिऊन परतीची गाडी धरतात. मी नदी ओलांडून जॉर्जटाउनकडे गेलो. लोखंडाच्या कारखान्यातल्या मजुरांची ही जुनी वस्ती. बरीचशी पाडली गेली. चॅपल रो नावाची एक छोटी ओळ राखली आहे, कारण संगीतकार जोसेफ पॅरी तिथे जन्मला. याच जॉर्जटाउनमध्ये १९०९ मध्ये कथबर्ट टेलर जन्मला. वडील कॅरिबियन वंशाचे, आई वेल्सची गोरी.

टेलर १९२८ मध्ये ब्रिटनचा हौशी फ्लायवेट विजेता झाला आणि त्याच वर्षी ॲमस्टरडॅम ऑलिंपिकला गेला. ब्रिटनतर्फे ऑलिंपिकमध्ये उतरलेला तो पहिला कृष्णवर्णीय बॉक्सर. आपल्याला ते ऑलिंपिक ध्यानचंद आणि जयपाल सिंग यांच्या हॉकी सुवर्णासाठी आठवतं. परतल्यावर टेलर व्यावसायिक झाला आणि १९४७ पर्यंत लढत राहिला. नोंद असलेल्या लढती दोनशे चाळीसच्या वर. एवढ्या लढतींत तो नॉकआउट झाला एकदाच.

ब्रिटनच्या किताबासाठी मात्र त्याला एकदाही उतरू दिलं नाही. नियमच तसा होता: किताबासाठी लढणाऱ्याचे आई-वडील दोघेही गोरे हवेत. त्याचं मूळ १९११ मध्ये सापडतं. अमेरिकेचा कृष्णवर्णीय जगज्जेता जॅक जॉन्सन लंडनमध्ये बॉम्बार्डियर बिली वेल्सशी लढणार होता. पाद्री आणि वर्तमानपत्रं यांनी गदारोळ केला आणि गृहमंत्री विन्स्टन चर्चिल यांनी लढत होऊ दिली नाही. काळ्या माणसाने गोऱ्याला लंडनमध्ये लोळवलं तर साम्राज्यातल्या प्रजेवर काय परिणाम होईल, ही भीती होती. ही प्रजा म्हणजे आफ्रिकेतली, वेस्ट इंडीजमधली आणि अर्थात आपलीही. जॉर्जटाउनच्या एका पोराची वाट ज्या भीतीने अडवली, तिच्यात आपले आजोबा-पणजोबाही धरलेले होते.

टेलर एकटा नव्हता. मँचेस्टरच्या लेन जॉन्सनने १९२७ मध्ये लेन हार्वेला गुणांवर हरवलं; हार्वे पुढे ब्रिटनचा विजेता झाला, जॉन्सन आयुष्यभर किताबाबाहेर राहिला. नियम अखेर उठला आणि जून १९४८ मध्ये बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्कवर डिक टर्पिन हा ब्रिटनचा पहिला कृष्णवर्णीय विजेता ठरला. टेलरने हातमोजे काढून ठेवल्याला तेव्हा वर्षच झालं होतं.

पराभूतांना जग विसरतं, असं आपण सर्रास म्हणतो. मर्थरमध्ये ते खरं नाही. अर्ध्या गुणाने हरलेला विन्स्टन इथे उभा आहे, हरता हरता प्राण गेलेला ओवेन उभा आहे. हरणाऱ्याच्या नावापुढे निदान तारीख, गाव, फेरी आणि प्रतिस्पर्धी असतो. त्यावर बाकावरचे आजोबा पन्नास वर्षांनीही वाद घालू शकतात. टेलरच्या बाबतीत वाद घालायला लढतच नाही. त्याने किताब जिंकला असता की नाही, हे सांगायला कुणाकडे फेरी नाही, गुण नाहीत, पंचही नाहीत. जिंकण्याची संधी हिरावली गेली हे तर आहेच, पण भर मैदानात, सगळ्यांदेखत हरण्याचा हक्कही त्याच्याकडून काढून घेतला गेला. मर्थरला जाणाऱ्याने पुतळे जरूर पाहावेत. मग पूल ओलांडावा, आणि ब्रिटनच्या विजेत्यांच्या यादीत १९२९ ते १९४७ च्या दरम्यानची नावं वाचताना ती यादी सगळ्या माणसांमधून निवडलेली नाही, हे लक्षात ठेवावं.