हिंडेनबर्गची आग आणि वीजघरातला हायड्रोजन

१/ जुन्नर तालुक्यातील खोडद परिसरात ४५ मीटर व्यासाच्या तबकड्या आकाशाकडे तोंड करून उभ्या आहेत. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून साकारलेल्या या रेडिओ दुर्बिणीच्या ३० अँटेनांपैकी १४ येथे एकवटल्या आहेत. दूरच्या दीर्घिकांतील हायड्रोजनचा क्षीण रेडिओ-संदेश टिपणे, हे तिचे एक प्रमुख कार्य. या तबकड्यांना वीज लागते. आणि ज्या वीजजाळ्यातून ती येते, त्यातील मोठ्या औष्णिक केंद्रांत हायड्रोजनच जनित्रे थंड ठेवत असतो.

२/ हायड्रोजन म्हटले की स्फोट आठवतो. त्याला कारण आहे. ६ मे १९३७ रोजी अमेरिकेतील लेकहर्स्ट येथे हायड्रोजनने भरलेले 'हिंडेनबर्ग' हे जर्मन हवाई जहाज पेटले आणि ३६ जणांचा बळी गेला. परंतु त्याच वर्षी, ऑक्टोबरमध्ये, ओहायोतील डेटन येथे हायड्रोजनने थंड होणारे टर्बो-जनित्र सेवेत दाखल झाले. ज्या वायूला जग भिऊ लागले होते, तोच अभियंत्यांनी यंत्राच्या पोटात कोंडला.

३/ याची गरज का पडली? आपली वीज ५० हर्ट्झची. त्यामुळे वाफेवर चालणारे द्विध्रुवी जनित्र मिनिटाला ३,००० फेरे घेते. तारांतील प्रवाहाने उष्णता निर्माण होते आणि ती साठली, तर तारांभोवतीचे विद्युतरोधक आवरण जळून जाते. शिवाय एवढ्या वेगाने हवा घुसळण्यातच बरीच ऊर्जा वाया जाते.

४/ हायड्रोजनची घनता हवेच्या सुमारे १४व्या भागाइतकी. म्हणून घर्षण कमी. उष्णता वाहून नेण्याची त्याची क्षमता हवेच्या सुमारे सातपट. आणि ऑक्सिजन नसल्याने आत ओझोन तयार होत नाही, आवरण अधिक काळ टिकते.

५/ मग धोका? हवेत ४ ते ७५ टक्के हायड्रोजन मिसळला की ते मिश्रण पेट घेऊ शकते. जनित्रात त्याची शुद्धता ९५ टक्क्यांहून बरीच वर राखतात. तिथे पेटण्यास पुरेसा ऑक्सिजनच नसतो. आतील दाब बाहेरच्या हवेपेक्षा अधिक ठेवतात, म्हणजे गळती झालीच तर वायू बाहेर जाईल, हवा आत येणार नाही. दांडा बाहेर पडतो तिथली फट दाबाखालील तेलाने बंद केलेली असते. भरताना आधी कार्बन डायऑक्साइडने हवा हुसकावतात, मगच हायड्रोजन सोडतात. रिकामे करताना हाच क्रम उलटा. दोन वायूंची गाठच पडू द्यायची नाही.

६/ आंबेगावातील डिंभे धरणाच्या पायथ्याच्या लहान जलविद्युत केंद्राला या खटाटोपाची गरज नाही. मंद गतीच्या जनित्राला हवा पुरते. नाशिकजवळील एकलहरे येथील २१० मेगावॉटचे संच किंवा १९८४ साली तुर्भे येथे सुरू झालेला ५०० मेगावॉटचा संच यांची गोष्ट वेगळी. अशा आकाराच्या यंत्रांत हायड्रोजनच्या जोडीला पोकळ तारांमधून शुद्ध पाणीही खेळवले जाते.

७/ हिंडेनबर्गच्या आगीचे चित्रीकरण झाले. म्हणून ती जगाच्या स्मरणात राहिली. डेटनच्या यंत्राचे नाव अभियंत्यांपलीकडे फारसे कोणाला ठाऊक नाही, कारण तिथे पाहण्यासारखे काही घडलेच नाही. दर पाळीत शुद्धतेचा आणि दाबाचा आकडा नोंदवणाऱ्या माणसांनी ते घडू दिले नाही, हीच त्यांची कामगिरी. आणि अशा कामगिरीची बखर कोणी लिहीत नाही.

८/ जानेवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय हरित हायड्रोजन मोहिमेला मंजुरी दिली. आता हा वायू वीजघराबाहेर, नळांतून आणि टाक्यांतून फिरू लागेल. जनित्राच्या बंद पोलादी कवचातला अनुभव तिथे जसाच्या तसा लागू पडणार नाही. पण भीती आणि निष्काळजीपणा यांच्यामधली एक वाट नऊ दशकांपूर्वीच मळलेली आहे, हे विसरता कामा नये.