मेणाचं घर, शेणाचं घर

बऱ्याच दिवसांनी लिहितेय. शेवटच्या वर्षाच्या टेक्स्टाइल प्रोजेक्टसाठी 'परीकथा' हा विषय घेतलाय. आधी ग्रिमबंधू (१८१२) वाचले, मग अँडरसन. त्याच्या १८३८ च्या रानहंसांच्या गोष्टीत एलिझा अकरा भावांसाठी अंगाला चटके देणाऱ्या झाडाचे सदरे विणते, तेही तोंडातून अवाक्षर न काढता. गोष्टी आणि कापड यांचं नातं जुनंच! पण माझी स्केचेस मलाच परकी वाटत होती.

मग दिवाळीत एडवणला आले. आजीला म्हटलं, गोष्ट सांग. तिने चिऊ-काऊची काढली. शेणाचं घर वाहून गेलेला कावळा दारात भिजतोय आणि आत चिऊ बाळाला न्हाऊमाखू घालतेय. लहानपणी मला याची फार मजा वाटायची. या वेळी आजी मध्येच थांबली. "तौक्तेत आपले पत्रे उडाले ना (२०२१ सालचं वादळ), तेव्हा शेजारणीने पहिल्या हाकेला दार उघडलं गो."

बस्स, ठरलं. गोधडीच शिवायची. जुन्या लुगड्यांचे थर, धावदोरा आणि मधोमध चिऊचं दार... बटणं काढली की उघडणारं.

आजीने पेटीतली लुगडी दिली, लग्नातलं हिरवंसुद्धा. त्याला कात्री लावायला हात धजत नाहीये. प्रदर्शनात भिंतीवर टांगणार म्हटलं, तर ती म्हणते, "मग पांघरणार कोण?"

याचं उत्तर अजून सापडलेलं नाही. तुमच्याकडे आहे का अशी एखादी गोधडी?