जुनेर

नवं कापड बाळाला टोचतं, हे आमच्या वाड्यात कुणी कुणाला शिकवलं नाही. ते सगळ्यांना ठाऊकच होतं. शिवाय पोटातल्या बाळासाठी आधीच काही आणून ठेवणं म्हणजे आगाऊपणा. त्यामुळे सातव्या महिन्यात लेक माहेरी आली, की तिची आई दुकानात जायची नाही. माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढायला लावायची. पेटीत वेखंडाचे तुकडे टाकलेले, आणि त्या वासात मुरलेली झबली, टोपडी, कुंच्या, लंगोट, दुपटी. ही कुंची मधल्या काकूंच्या थोरल्याची, ते टोपडं वरच्या मजल्यावरच्या वहिनींच्या जुळ्यांपैकी एकाचं. दुसऱ्याचं कुठे गेलं, यावर दर बाळंतपणाला एकदा चर्चा व्हायचीच.

सदाशिव पेठेतला वाडा, मधे चौक, कोपऱ्यात सामाईक नळ. सत्तरच्या दशकात तिथे एक बाळ रांगायला लागलं, की दुसरीकडे पाळणा टांगला जायचा. त्या सगळ्या बाळांचे कपडे एकच होते म्हटलं तरी चालेल. बाळ मोठं झालं की कपडे धुऊन, उन्हं दाखवून, ज्या घरात नड असेल तिथे पोचायचे. पाचवीपर्यंत तर अंगावर जुनंच घालायचं, तेही शक्यतो ज्याचं बाळ धडधाकट, त्याच्या घरचं. नवं झबलं बारशाला, बाळंतविड्यातलं. फोटो काढून झाला की तेही घडी घालून पेटीत.

पण या सगळ्याचा राजा म्हणजे जुनेर. आजीचं विरत आलेलं नऊवारी फाडून दुपटी व्हायची. चौघडी घालून बारीक धावदोरा घातला, की अंगाला लागेल ते पांघरूण. आजोबांच्या धोतरांचे लंगोट. धोतराचं कापड पाणी असं टिपायचं, की त्याच्यापुढे बाकी सगळं फिकं. घरात एखादे वयस्कर गृहस्थ धोतर नेसणारे असले, की त्या घरच्या सुनेची लंगोटांची चिंता मिटली. मग टेरिकॉट आलं. नायलॉनच्या साड्या आल्या, धुवायला सोप्या, इस्त्रीची कटकट नाही. आम्हीही हौसेने नेसलो. आणि बघता बघता घरातलं जुनेर संपलं. टेरिकॉटच्या शर्टाचा लंगोट पाणी टिपत नाही, नुसता ओघळ सोडतो. नायलॉनच्या साडीचं दुपटंही एकीने करून पाहिलं. बाळ मांडीवरून घसरायला लागलं, तेव्हा नाद सोडला. तयार लंगोट विकत घ्यायची वेळ आली ती श्रीमंतीमुळे नव्हे, घरात धोतर नेसणारं कुणी उरलं नाही म्हणून.

पावसाळ्यातली बाळंतपणं म्हणजे लंगोटांची कसोटी. चौकात दोऱ्या, जिन्याच्या कठड्यावर दोऱ्या, माजघरात दोऱ्या. वाळेना, तेव्हा शेगडीवर वेताचं डालगं पालथं घालायचं, त्यावर ओले कपडे पसरायचे, आणि निखाऱ्यांवर ओवा, बाळंतशोपा, वावडिंग, लसणीची सालं. कपडे वाळायचे, धुरी मिळायची, आणि पाहुणा दिंडी दरवाज्यातच ओळखायचा की आत ओली बाळंतीण आहे.

आंघोळ घालायला बाई यायच्या. त्यांचं नाव कुणी घेत नसे, सगळ्यांच्या त्या मावशीच. मावशी आल्या की घरातल्या मोठ्या बायकासुद्धा हळू बोलायच्या. न्हाणीघरात पाटावर बसून त्या पाय लांब सोडायच्या आणि बाळाला नडग्यांवर पालथं घालायच्या. बंबातलं कढत पाणी, विसणाचा तांब्या शेजारी. आधी तेल, टाळूवर जास्त. मग साय-हळद कालवलेलं डाळीचं पीठ. पाठ चोळायची, हातपाय तिरपे ओढायचे, नाक चिमटीत धरून सरळ करायचं. नाकं कुणाचीच बदलली नाहीत, हे आम्ही आता पन्नास वर्षांनी खात्रीने सांगू शकतो. बाळ टाहो फोडायचं, दाराशी उभी असलेली कोवळी आई डोळे पुसायची, आणि मावशी न बघता म्हणायच्या, "रडू दे गं, छाती भरते." मग घट्ट गुंडाळणं, काजळ, गालावर तीट. बाळ असं झोपायचं, की मधे मधे नाकाशी बोट धरून बघावं लागे.

त्यानंतर बाळंतिणीची पाळी. तेल, कढत पाणी, पोटाला जुन्या लुगड्याचा पट्टा, कानांत कापूस, डोक्याला रुमाल, बाजेखाली शेगडी. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, जेवणावर भाजलेला ओवा, विडा. सव्वा महिना घराबाहेर पाऊल नाही. मे महिन्यात ज्यांनी ते सोसलं, त्यांना विचारा.

गुटीची सहाण वेगळी, तिला दुसरं काही लावायचं नाही. मुरडशेंगेचे दोन वळसे, हिरड्याचा एक, पोट दुखत असेल तर वेखंड, झोप नसेल तर जायफळाचा अर्धाच. खारीक, बदाम, हळकुंड, ज्येष्ठमध, काकडशिंगी, अतिविष. वळसे किती, यावर सासर आणि माहेर यांचं कधी एकमत झालं नाही. आता डॉक्टर सांगतात, सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नको, पाणीसुद्धा नको, डोळ्यांत काजळ नको. ऐकावं. काही घरांत पहिला चीक पिळून टाकायचे आणि बाळाच्या तोंडाला मध लावायचे, ते तर सरळ चूकच होतं. कितीही मायेने केलं तरी चूक.

पाचवीला पाटा-वरवंटा पुजायचा, शेजारी कोरा कागद आणि लेखणी, रात्री सटवाई येऊन लिहिणार म्हणून. बारशाला तोच वरवंटा झबलं-टोपडं घालून बाळाच्या आधी पाळण्यात झोपायचा. आत्या कानात नाव सांगायची आणि पाठीत धपाटे खायची. देवी टोचायला घेऊन जायचं काम मामाचं. 1977मध्ये देश देवीमुक्त जाहीर झाला, म्हणून आमच्या घरांत थोरल्याच्या दंडावर मोठा गोल वण आहे आणि धाकट्याच्या दंडावर बीसीजीचा तेवढा.

या सगळ्यात नव्या आईला करायला काय होतं? पाजणं, खाणं, झोपणं. रात्री बाळ रडलं, तर ती उठायच्या आत कुणीतरी उचललेलं असे. मात्र तिला काही विचारतही नसत. तिचं बाळ तिच्याखेरीज सगळ्यांना कळायचं. खरं आईपण तिसऱ्या महिन्यात सुरू व्हायचं, ती सासरी निघाली की. नोकरदार असेल तर 1961च्या कायद्याची बारा आठवड्यांची रजाही तोवर संपलेली. त्या पहिल्या रात्री, उजाडेपर्यंत बाळाला खांद्यावर घेऊन फेऱ्या मारताना, आमच्यातल्या प्रत्येकीच्या लक्षात आलं, की गुटीत नेमके किती वळसे ते आपण कधी बघितलंच नव्हतं.

आणि बाप? तो रविवारी यायचा. बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसायचा, पोहे खायचा. कुणीतरी बाळ आणून दाखवायचं, तो लांबूनच "हं" म्हणायचा. वडीलधाऱ्यांसमोर स्वतःचं मूल उचलून घेणं चांगलं दिसत नसे.

आता आमच्यातल्या बऱ्याच जणी लेकी-सुनांच्या बाळंतपणाला अमेरिकेत जाऊन आल्या. बॅगेत डिंक, अळीव, बाळंतशोपा आणि जपून ठेवलेल्या सुती साड्या. दुपट्यांचं तिकडे कौतुक झालं. लंगोट तसेच परत आले. तिथे जावई रात्री उठून डायपर बदलतो, बाळाला छातीशी बांधून भांडी घासतो, दूध किती प्यायलं ते फोनवर लिहून ठेवतो. एकीने ते सगळं पुण्यात नवऱ्याला व्हिडिओवर दाखवलं. ते म्हणाले, "आमच्या वेळी कुणी हातात देतच नव्हतं." खोटं काही नव्हतं त्यात. पण मागितलं तरी कुठे होतं?