पश्चिमेची खिडकी

आमची इमारत पुनर्विकासासाठी रिकामी करावयाची असल्याने गेले दोन महिने घरात बांधाबांध चालू आहे. विक्रोळीच्या कन्नमवार नगरातील जुन्या वसाहतीत ज्यांनी संसार केले, त्यांपैकी अनेकांच्या वाट्याला हे काम आले आहे किंवा येणार आहे. परवा माळ्यावरची ट्रंक खाली काढली, तेव्हा तळाशी एका जुन्या पडद्यात गुंडाळलेली तसबीर निघाली. माझी सात वर्षांची नात शेजारी बसली होती. तिने तसबिरीवरची धूळ पुसली, क्षणभर निरखून पाहिले आणि विचारले, "आजी, येशूचं हृदय निळं का गं?"

तसबीर येशूच्या पवित्र हृदयाची होती. कॅथलिक कुटुंबात क्वचितच असे घर असेल, जिथे ती नसते. आमच्या तसबिरीत मात्र झग्याचा लाल रंग उरलेला नाही, हृदयाभोवतीच्या ज्वाळा पांढुरक्या झाल्या आहेत आणि साऱ्या चित्रावर एक फिकट निळी छाया पसरली आहे. मी तिला एवढेच म्हटले, "उन्हाने झालं, बाळ." उत्तर खरे होते, पण अपुरे होते. ते पुरे करावे म्हणून हा लेख.

आमचे सासरे ह्या घरात १९७१ साली राहायला आले. त्याआधी त्यांचा संसार माझगावच्या एका चाळीतील आतल्या खोलीत होता. त्या खोलीला खिडकी होती, परंतु ती उघडत असे समोरच्या भिंतीवर. सासूबाई सांगत, की बाहेर ऊन आहे की पाऊस, हे जिन्यावरून येणाऱ्या माणसाच्या अंगाकडे पाहून कळायचे. कन्नमवार नगरात तिसऱ्या मजल्यावर ही जागा मिळाली आणि त्यांना एकदम दोन खिडक्या लाभल्या. स्वयंपाकघरातली पूर्वेची, तिच्यातून लांबवर खाडीकडची तिवरे दिसत. आणि पुढच्या खोलीतली पश्चिमेची, तिच्यातून महामार्गापलीकडे पार्कसाइटच्या टेकडीमागे मावळणारा सूर्य दिसे. त्या खिडकीच्या बरोबर समोर, पूर्वेच्या भिंतीवर, सासूबाईंनी घरची वेदी मांडली. मधोमध पवित्र हृदयाची तसबीर, उजवीकडे त्यांच्या लग्नाचा हाताने रंग भरलेला फोटो आणि खाली फळीवर मेणबत्त्या. संध्याकाळचे ऊन वेदीवर पडले, की त्या खिडकीजवळच्या आरामखुर्चीत बसून जपमाळ हाती घेत. खिडकीला पडदा नव्हता. "अंधाराचं भाडं मी पुष्कळ वर्षं भरलंय," असे त्या म्हणत.

मी ह्या घरात सून म्हणून आले १९८६ साली. तसबिरीचा रंग तेव्हाच उतरू लागला असावा. परंतु रोज डोळ्यांसमोर असलेल्या वस्तूत होणारा बदल डोळ्यांना दिसत नाही. तो दिसला १९९४ च्या नाताळाआधी, घराला रंग काढताना. रंगाऱ्याने तसबीर खाली उतरवली आणि तिच्यामागे भिंतीवर एक चौकोन उमटलेला दिसला. ती भिंत मुळात कोवळ्या पिस्त्याच्या रंगाची होती, हे आम्ही सारे विसरूनच गेलो होतो. चौकटीच्या कडेखाली दडलेली चित्राची बोटभर किनार अजून लालबुंद होती. लग्नाच्या फोटोतले सासूबाईंच्या गालांवरचे गुलाबी रंग तर पुरते उडाले होते.

वास्तविक, ह्यात मला नवे असे काय होते? हळदीचा डाग साबणाने निघत नाही, पण कपडा ओला करून उन्हात टाकला की डाग उडून जातो, हे कोणत्या गृहिणीला ठाऊक नाही? रंगीत कपडा सावलीत आणि उलटा करून वाळत घालावा, हे तर आईने लहानपणीच शिकवलेले. जे ऊन हळदीचा डाग खाते, ते चित्रातला रंगही खाणारच. दोरीवरच्या साडीला जो न्याय मी लावत होते, तो भिंतीवरच्या वस्तूंना लावायचे मात्र मला सुचले नव्हते.

त्या सुमारास आमच्या धर्मग्रामातील महिला मंडळाची सहल वस्तुसंग्रहालय पाहायला गेली होती. १९२२ साली लोकांसाठी खुले झालेले आणि १९९८ पासून छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय ह्या नावाने ओळखले जाणारे तेच ते. लघुचित्रांच्या दालनात उजेड मंद होता. कुणीतरी कुरकुरले, "एवढ्या अंधारात बघायचं काय?" मला मात्र माझ्या भिंतीवरचा चौकोन आठवला. मग मिळेल तिथून ह्या विषयावर वाचू लागले.

वाचले ते थोडक्यात असे. प्रकाश मोजण्याचे एकक लक्स. जलरंगातील चित्रे, लघुचित्रे आणि वस्त्रे ह्यांच्यावर सुमारे ५० लक्सपेक्षा अधिक प्रकाश पडू नये, तैलचित्रांना २०० पर्यंत चालेल, असा दंडक जगभरच्या संग्रहालयांत रूढ आहे. भर दुपारचे थेट ऊन असते सुमारे एक लाख लक्स. मावळतीकडे कललेले, काचेतून आलेले ऊन त्याच्या चौथाई धरले, तरी ते संग्रहालयातल्या उजेडाच्या पाचशे पट होते. म्हणजे रोज आठ तास उघड्या असणाऱ्या दालनात जो प्रकाश सव्वाशे दिवसांत एखाद्या चित्रावर पडावा, तो आमच्या वेदीवर दोन तासांच्या एका संध्याकाळी पडत होता. प्रकाशाने केलेली हानी साठत जाते आणि ती कधीही भरून येत नाही. अंधारात ठेवलेला फिका रंग विश्रांती घेऊन पुन्हा गडद होत नाही.

सूर्यप्रकाशात डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण असतात. योहान रिटर ह्या जर्मन संशोधकाने १८०१ साली ते ओळखले. चांदीचा एक क्षार त्या किरणांत काळवंडतो, ही त्याची खूण होती. रंगाचा घास घेण्यात हे किरण सर्वांत पुढे. खिडकीची साधी काच त्यांतले अत्यंत तीव्र किरण अडवते, पण उरलेले बरेचसे आत सोडते. म्हणून काच लावली म्हणजे वस्तू वाचली, हा समज खोटा. शिवाय नुसता दिसणारा उजेड आणि उन्हाची उष्णताही आपापला वाटा उचलतातच. वर्तमानपत्राचा कागद पिवळा पडतो, लाकडाचे पॉलिश विटते, रेशमाचा धागा कुजका होतो, प्लास्टिक तडकते. आणि आमची तसबीर निळी का झाली, त्याचेही उत्तर सापडले. छापील चित्र निळा, लाल, पिवळा आणि काळा अशा चार शाया एकावर एक छापून होते. स्वस्त शायांमधले लाल आणि पिवळे रंग आधी उडतात; निळा आणि काळा मागे राहतात.

ज्ञान झाले, की माणसाला अंमलबजावणीची घाई होते. मी दादरहून जाड, गडद तपकिरी कापड आणले, त्याला अस्तर लावून पडदा शिवला आणि पश्चिमेच्या खिडकीला टांगला. सकाळी नोकरीला निघताना तो ओढून घ्यायचा आणि रात्रीच उघडायचा, असा नियम केला. सासूबाई काही बोलल्या नाहीत. त्यांचे न बोलणे म्हणजे संमती, असे मी धरून चालले.

चार-पाच महिने गेले. त्यांनी प्रार्थनेचे पुस्तक वाचणे सोडल्यासारखे दिसत होते. वयोमान, असे मी मनाशी म्हटले. एके दिवशी कार्यालय लवकर सुटले म्हणून साडेचारला घरी आले, तो सासूबाई जिन्यात बसलेल्या. दाराबाहेर पाट मांडून, जिन्याच्या जाळीतून येणाऱ्या उजेडात पुस्तक डोळ्यांशी धरून त्या एकेक अक्षर लावीत होत्या. मी ओशाळून म्हटले, "आई, इथे का बसलात? आत दिवा लावायचा ना?"

"दिवसाढवळ्या दिवा कशाला जाळायचा? रोज बसते मी इथे. तू यायच्या आधी उठते."

"मग पडदा सारायचा. मी काय रागावले असते?"

त्यांनी पुस्तक मिटले. "तुला वस्तू जपायच्यात ना, पोरी? त्या जप. मी काय, आधीच विटलेय."

त्या रागाने बोलल्या असत्या, तर मी उत्तर दिले असते. त्या अगदी सहज बोलल्या. मी त्यांचा पाट उचलून आत आणला आणि पडदा सरकवला. त्या आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू धरत होता. अंधुक होत चाललेल्या डोळ्यांना अधिक उजेड लागतो आणि मी नेमका तोच त्यांच्यापासून हिरावून घेतला होता. चित्रावरच्या गालांचा रंग वाचवण्याच्या नादात, ज्या गालांचे ते चित्र होते, त्यांना मी जिन्यात बसवले होते.

मग मी जे आधी करायला हवे होते, ते केले. ऊन नेमके येते कुठून आणि पडते कुठे, हे पाहिले. पूर्वेच्या भिंतीवर खडूने खुणा करीत गेले. वर्षभराच्या खुणांनी सांगितले, की मुंबईत सूर्य डिसेंबरात नैऋत्येकडे सरकून मावळतो, तर जूनमध्ये वायव्येकडे. ह्या दोन टोकांतले अंतर सुमारे ५० अंशांचे आहे. त्यामुळे उन्हाचा पट्टा हिवाळ्यात भिंतीच्या डाव्या अंगाला आणि उन्हाळ्यात उजव्या अंगाला पडे. वेदी दोहोंच्या मध्ये सापडली होती. मात्र ज्या भिंतीत खिडकी आहे, त्या भिंतीवर तिच्यातून आलेले ऊन कधीच पडू शकत नाही. इतकी साधी गोष्ट! वेदी उचलून खिडकीशेजारी पश्चिमेच्याच भिंतीवर मांडली आणि अर्धे काम पडद्याविना झाले.

उरलेल्या अर्ध्यासाठीही अनुभवाने चार गोष्टी शिकले. दक्षिणेच्या खिडकीला छज्जा पुष्कळ उपयोगी पडतो, कारण दुपारचा सूर्य वर असतो. डिसेंबरातही तो मुंबईत मध्यान्ही ४७ अंशांच्या वर चढतो. पश्चिमेचे ऊन मात्र आडवे, छज्ज्याच्या खालून आत शिरते. त्याला समोरून काहीतरी आडवे धरावे लागते, आणि ते काचेबाहेर असेल तर उत्तम. एकदा काचेतून आत आलेल्या उन्हाचा उजेड पडदा अडवतो, पण उष्णता बरीचशी घरातच राहते. म्हणून बाहेर बांबूच्या काड्यांची चीक लावली. ती पावसाळ्यापूर्वी उतरवायची, नाहीतर बुरशी धरते. आत पांढऱ्या मलमलीचा पातळ पडदा. ऊन थेट येते तेवढा वेळ, साधारण तीनपासून टेकडीआड सूर्य जाईपर्यंत, चीक सोडायची. इतर वेळी सारे मोकळे. चिकेतून गाळून येणारा उजेड वाचायला पुरेसा असतो आणि डोळ्यांना तापत नाही. गोव्यातल्या जुन्या घरांत खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांचे पातळ पापुद्रे बसवीत, ते पाहिल्यावर कळले, की आपल्या वाडवडिलांना हे गणित आधीपासून अवगत होते. उजेड घ्यावा, पण त्याची धार बोथट करून.

सासूबाईंची आरामखुर्ची पुन्हा खिडकीशी गेली. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाल्यावर त्या चिकेच्या फटींतून सूर्यास्त पाहत आणि सूर्य टेकडीला टेकला की स्वतःच्या हाताने चीक वर ओढीत. २००३ साली त्या गेल्या, तोवर हा नेम चुकला नाही. तसबिरीची जागा पुढे नव्या तसबिरीने घेतली. ती पंचवीस वर्षांनंतरही लाल आहे. जुनी मात्र टाकवेना, म्हणून त्याच तपकिरी पडद्यात गुंडाळून ट्रंकेत ठेवली. पडदा उलगडून पाहिला, तर बाहेरच्या बाजूचे अस्तर त्या चार-पाच महिन्यांतच पट्ट्यापट्ट्यांनी उडालेले दिसले. आतले कापड जसेच्या तसे. अस्तराचे काम हेच असते, नाही का? आपण विटायचे आणि आतल्याला राखायचे.

नव्या इमारतीत आम्हांला वरचा मजला मिळणार आहे. नकाशात खिडक्या जवळजवळ भिंतीएवढ्या आहेत, साऱ्या काचेच्या. पुष्कळ शेजाऱ्यांनी आतापासूनच जाड पडद्यांची चौकशी चालवली आहे. त्यांना मी एवढेच सुचवते, की आधी काही दिवस रिकाम्या घरात बसून ऊन कुठे येते ते पाहा, मौल्यवान वस्तू त्याच्या वाटेतून बाजूला घ्या आणि मगच कापड फाडा. आणि कापड फाडण्यापूर्वी घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाला विचारा, की तुम्ही कुठे बसणार.

आरामखुर्चीचे कापड डाव्या हातावर पार पांढरे पडले आहे. सासूबाईंचा हात तिथे असे. मुलगा म्हणतो, नव्या घरात जाण्यापूर्वी ते बदलून घेऊ. मी नको म्हटले. ती खुर्ची उन्हात राहिली तरी मला चालेल.