रुंद मानेचा खोपा

उजवा अंगठा आता नीट वळत नाही. कात्री चालते, फणी चालते. अडतं ते खोप्याच्या शेवटच्या पिळाशी. घडी मानेवर धरून टोक आत दडवायचं, आणि ते दडताना सगळं वजन मुळाकडच्या केसांनी उचललं पाहिजे, आकड्यांनी नाही. आकडे नुसते साक्षीला. हे हाताला येत होतं, तोंडानं सांगायची वेळ कधी आली नव्हती. आता शिकायला येणारी मुलगी पीळ देते आणि मी शेजारी उभा राहून "वर नको, आत घे... आत म्हणजे जरा डावीकडे" असं काहीबाही बोलत असतो. "काका, नक्की कुठे?" ती विचारते. मी अंगठ्याकडे बघतो.

त्यात हल्लीचे केस. प्रत्येक नवरीच्या डोक्याला लेअर्स. वरची बट खांद्यापर्यंत, खालची पाठीपर्यंत. पीळ भरला की आखूड बटा बाहेर डोकावतात. पार्लरवाल्या त्यावर डोनट बसवतात, स्प्रे मारतात, मोकळ्या होतात. तो खोपा नव्हे, त्याचं झाकण. मंगलाष्टकं संपेपर्यंत टिकतो. नवरी वाकून सासूच्या पाया पडली की कलतो.

मी शिकलो ते माणसांच्या डोक्यावर नव्हे, टोपांवर. आमच्या घरी नाटकाचे टोप विणायचे. वडील जाळीवर एकेक केस गाठवत, आणि बायकांचे टोप बहुतेक पुरुषांच्या डोक्यासाठी असत. पुरुषाची मान रुंद, मागून लगेच चुगली करते. म्हणून आमचा खोपा पसरट आणि चांगला खाली उतरलेला, मानेचे दोन्ही काठ झाकणारा. माझ्या हातात बसलेलं माप ते. नवरीच्या बारीक मानेवरही मी तोच बांधतो, आणि सगळ्याजणी म्हणतात, अगदी आजीचा खोपा!

आजीचा म्हणजे तरी कुणाचा? बालगंधर्व 'स्वयंवर'मध्ये रुक्मिणी झाले 1916 साली. त्यांची लुगडी, त्यांचे गजरे बघून घरंदाज बायका तसं नटायला लागल्या. म्हणजे पुरुषानं बाईचं रूप घ्यायचं आणि बाईनं त्या पुरुषाचं. त्याआधी रविवर्म्याची चित्रं छापखान्यातून घरोघरी गेली होती. माणूस त्रावणकोरचा, पण त्याच्या कितीतरी नायिका नऊवारीतल्या. आता मुली मोबाइलवर 2015च्या 'बाजीराव मस्तानी'तली काशीबाई दाखवतात आणि म्हणतात, "काका, अस्सल पेशवाई हवंय."

आमच्याच रस्त्यावरच्या एका पार्लरनं 'अस्सल पेशवाई खोपा' असा बोर्ड लावलाय. मला हसू आलं आणि रागही आला. राग कशाचा, तर तो बोर्ड मला आधी सुचला नाही याचा. पेशव्यांच्या वाड्यात केस कसे बांधत, हे त्यांना ठाऊक नाही तसं मलाही नाही. पण गिऱ्हाइकानं 'पेशवाई' म्हटलं की मी कधी खोडून काढत नाही. दरही त्याच नावानं घेतो.

शिवाय खोप्यातले निम्मे केस नवरीचे नसतातच. गंगावन लागतं. तिरुमलाच्या देवळात भाविकांनी उतरवलेल्या केसांचा देवस्थान लिलाव करतं, आणि तिथून ते देशोदेशी जातात. आमच्या मराठमोळ्या खोप्यात कुठल्या तेलुगू बाईचा नवस गुंडाळलेला असेल, व्यंकटेशाला माहीत. हातात धरलं की केस कळतो: डोक्यावरून एकदम उतरवलेल्याची मुळं एका बाजूला, म्हणून गुंतत नाही. झाडून गोळा केलेल्याची उलटसुलट; पीळ दिला की तो चरचरतो आणि तासाभरात त्याचा काथ्या होतो. मी स्वस्तातलं गंगावन घेत नाही ते एवढ्यासाठी.

आणि ज्या वाड्यांतून हे खोपे मिरवले, तिथेच नवरा मेल्यावर बाईचं डोकं भादरायला आमच्यातलेच कुणी बोलावले जात. 1890 साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकारानं नाभिकांची सभा भरली आणि विधवांचं केशवपन करायचं नाही असं ठरलं. बोर्ड लावायचाच तर त्या सभेचा लावावा असं मी एकदा मुलीला म्हणालो. ती म्हणाली, "लग्नाची गिऱ्हाइकं पळतील, काका." खरं आहे. नाही लावला.

मुलगी कोळीवाड्यातली. तिच्या घरी बायका अंबाडा घट्ट बांधतात, त्याभोवती फुलांची वेणी. तिचा हात त्यामुळे आधीच मुळाशी आवळतो. मी जे डावीकडे-आत म्हणत बसलो होतो ते तिनं सोडूनच दिलं. घडी घालण्याआधीच मुळाशी आगवळ गच्च फिरवली आणि पीळ तिच्यावर टेकवला. खोपा थोडा वर आला, लहान झाला. आखूड बटा आगवळीखालीच अडकल्या. मला तो पटला नाही. नवरीच्या मानेला मात्र शोभला.

परवाच्या लग्नात तो पंगती उठेपर्यंत हलला नाही. नवरीची आत्या त्याला हात लावून बघत म्हणाली, "असा खोपा आता कोण बांधतं हो!" मी म्हणालो, "आमच्या घरचा आहे." मुलगी मागेच आकडे गोळा करत होती. तेव्हापासून ती तिचे पैसे वेगळे मागते, आणि मी देतो.