सगळी आली का?

पाच वर्षांपूर्वी मी बायकोच्या भिशीचे पैसे कबुतरांत घातले. भिशी तिची, नंबर तिचा लागलेला, आणि त्या पैशांतून शिलाई मशीन घ्यायचे ठरलेले. मी मागितले, तिने दिले. एवढेच म्हणाली, “परत मिळतील ना?” मी म्हणालो, “इन्शाअल्लाह, एका हंगामात.”

त्या पैशांतून साताऱ्याच्या एका शौकिनाकडून ‘जान्सेन’ रक्ताची होमर जोडी आणली. सोबत एक छापील कागद होता. नराचे आणि मादीचे आईबाप, आजे, पणजे, खापरपणजे, आणि त्यांतल्या कुणी कुठली शर्यत जिंकली त्याची नोंद. मगरिबनंतर बायकोने तो कागद दिव्याखाली धरून वाचला आणि विचारले, “ह्याच्या आज्यानं शर्यत जिंकली, पणज्यानं जिंकली. ह्यानं स्वतः काय केलं?”

मी म्हणालो, “ह्याला उडवायचं नसतं.” ते खरेच होते. होमर कबूतर एकदा एका घराला लागले की तेच त्याचे घर. साताऱ्याची जोडी सांगलीत सोडली असती तर सरळ साताऱ्याला गेली असती. अशी विकत घेतलेली मोठी जोडी ढाबळीत बंदच ठेवतात. तिची पिल्ले आपल्या छतावर डोळे उघडतात, म्हणून ती आपली होतात. म्हणजे जोडीची पारख तिच्या पिल्लांवरूनच करायची. बायकोचा प्रश्न मात्र माझ्या मनात राहिला.

जान्सेन हे नाव बेल्जियमचे. आरेन्डोंक नावाच्या गावात जान्सेन भावांनी पिढीजात कबुतरे पाळली, बाहेरचे रक्त फार कमी मिसळले, आणि लहान व मध्यम पल्ल्याच्या शर्यतींत त्यांच्या वेगवान पक्ष्यांनी नाव काढले. आज जगभर हजारो ढाबळींत त्यांचे रक्त सांगितले जाते. पण साधा हिशेब करा. पिल्लाला बापाकडून निम्मे रक्त, आज्याकडून पाव, पणज्याकडून दोन आणे, खापरपणज्याकडून एक आणा. चार पिढ्यांत वेगळी जोडी लागत गेली, तर त्या नामांकित पूर्वजाचा रुपयात एकच आणा उरतो. शिवाय एकाच घरट्यातल्या दोन भावंडांत कोणाकडे काय येईल, हे अल्लाहलाच ठाऊक. तरीही नावाला किंमत आहे. 2020 साली बेल्जियमच्या ‘न्यू किम’ या मादीला लिलावात 16 लाख युरो मिळाले. आपण तर सांगलीची साधी माणसे. पण नावाची भुरळ तीच.

मी मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी आहे. हळद घेणारा पोत्यावरचे नाव वाचून बोली करत नाही. पॉलिश कितीही चमको, तो कांडी मोडतो आणि आतला रंग बघतो. कबूतर मोडून कसे बघणार? शौकीन हातात घेऊन बघतात. छातीचे हाड सरळ आहे का, अंग भरलेले पण हलके आहे का, पंख रबरासारखा उघडतो आणि मिटतो का, मोठी दहा पिसे शाबूत आहेत का, पिसाला रेशमी मऊपणा आहे का. ह्या गोष्टी उपयोगाच्या आहेत. त्यांतून पक्ष्याची तब्येत कळते. काही जण डोळ्यांतल्या बुबुळाभोवतीच्या रेघा पाहून भविष्य सांगतात. मीही बिंग घेऊन तासन् तास पाहिले. त्या रेघांवरून मला पुढे कधीच काही कळले नाही.

वेग मोजायची रीत सोपी आहे. घरे वेगवेगळ्या अंतरावर असतात, म्हणून आधी पोहोचला तो जिंकला असे होत नाही. सोडल्या जागेपासून घरापर्यंतचे सरळ अंतर भागिले लागलेला वेळ. मिनिटाला किती मीटर, तो वेग. साताऱ्याहून सांगली रस्त्याने सव्वाशे किलोमीटरच्या आसपास, पण सरळ रेषेत साधारण 110. पक्षी एक तास पन्नास मिनिटांत आला तर मिनिटाला 1000 मीटर, म्हणजे ताशी 60 किलोमीटर. मिरजेचे घर पाच-सहा किलोमीटर पुढे, म्हणून तिथला पक्षी पाच मिनिटे उशिरा येऊनही वरचढ ठरू शकतो. आणि एका दिवसाचा वेग दुसऱ्या दिवसाशी ताडून चालत नाही. पाठीवर वारा असला की साधा पक्षीही शेर होतो.

पहिल्या हंगामात जोडीची सहा पिल्ले हाती आली. रीत अशी की आधी आष्ट्याहून सोडायचे, मग इस्लामपूर, मग कराड, मग उंब्रज, आणि शेवटी सातारा. प्रत्येक ठिकाणाहून दोन-तीन वेळा. कबुतराला सूर्यावरून दिशा कळते, जमिनीच्या चुंबकत्वाची आणि वासाचीही मदत होते. पण ओळखीच्या मुलखात ते नदी आणि रस्ता धरूनही येते. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी कबुतरांना हमरस्त्यावरून वळणे घेत घरी येताना टिपले आहे. आपल्याकडे कृष्णा आणि महामार्ग ह्या दोन खुणा आहेत. त्या पक्ष्याला दाखवाव्या लागतात. मला घाई झाली होती, कारण भिशीचे पैसे डोक्यावर होते. एकदा आष्टा, एकदा कराड, आणि थेट सातारा.

नोव्हेंबरमधल्या एका ढगाळ सकाळी दुल्हेभाईंनी माहुलीच्या मोकळ्या जागेवरून आठ वाजता सहाही सोडली आणि फोन केला, “निघाली.” नऊ सत्तेचाळीसला पहिले छतावर उतरले. मिनिटाला 1028 मीटर. माझे हात थरथरत होते. आठ मिनिटांनी दुसरे आले. तिसरे तिसऱ्या दिवशी आले, शेपूट उपटलेली, छातीवर ससाण्याच्या नखांची जखम. बाकी तीन आलीच नाहीत.

संध्याकाळी चहाच्या गाड्यावर मी पहिल्याच पक्ष्याचा फोटो दाखवला. 1028 हा आकडा निदान दहा जणांना सांगितला. एकाने लगेच पाच हजारांची पैज पुढे केली. ती मी नाकारली. हदीसमध्ये इनामाची शर्यत उंट, घोडा आणि तीर यांपुरती मान्य केलेली आहे. दोघांनी पैसे लावून पक्षी उडवायचे तर तो सरळ जुगार. कबूतर पाळणे, त्याच्याकडून संदेश नेणे याला हरकत नाही, पण पैशाची बाजी आमच्या घरात चालणार नाही, हे अब्बांनी आम्हाला लहानपणीच सांगितले होते. तेव्हा पैज नाकारताना मला स्वतःचा अभिमानही वाटला.

खरी परीक्षा पुढच्या शुक्रवारी आली. जुम्मा झाल्यावर एक गृहस्थ घरी आले. त्यांना त्याच जोडीची पुढची दोन पिल्ले हवी होती. त्यांनी सांगितलेल्या रकमेत शिलाई मशीन आले असते. मी कागद काढला, आजे-पणजे दाखवले, आणि शेवटी सांगितले, “ह्यांचा सख्खा भाऊ साताऱ्याहून 1028 मीटरनं आला.”

धाकटी लेक तेव्हा नववीत होती. ढाबळीची वही तीच लिहायची. ती आतून वही घेऊन आली आणि भाबडेपणाने म्हणाली, “अब्बा, वही दाखवू का? सगळं लिहिलंय.” त्या पानावर दोनच रकाने होते: ‘गेली’ आणि ‘आली’. गेली 6. आली 3. तिसऱ्यापुढे तिने ‘जखमी’ लिहिले होते.

बायको दारात उभी होती. ती काही बोलली नाही. मला मात्र धान्याच्या ढिगाची हदीस आठवली. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारातल्या ढिगात हात घातला तर आतून दाणे ओले निघाले, आणि ओला माल वर का ठेवला नाहीस, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले. आयुष्य बाजारात गेले माझे. ही हदीस मी दुकानातल्या पोरांना अनेकदा ऐकवली आहे. माझ्या हातातला कागद म्हणजे वरचे कोरडे दाणेच होते. कागदावर जिंकलेल्यांची नावे असतात. जे घरी आलेच नाहीत, त्यांची नावे कोणत्याच वंशावळीत नसतात.

मी वही त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी पान वाचले, चहा घेतला, “बघतो, कळवतो” म्हणाले. परत आले नाहीत. शिलाई मशीन त्या वर्षी आले नाही.

रात्री मी विचार केला की ते तीन गेले तो दोष रक्ताचा की माझा? उत्तर द्यायला माझ्याकडे काहीच नव्हते, कारण मी पक्ष्यांना त्यांची बाजू दाखवायची संधीच दिली नव्हती. घाई माझी, आणि निकाल मात्र जातीच्या नावावर.

दुसऱ्या हंगामात मी दोन गोष्टी ठरवल्या. पहिली, टप्पा चुकवायचा नाही आणि ढगाळ दिवशी टोपली उघडायची नाही. दुसरी, तुलना बरोबरीची करायची. जान्सेन जोडीची पाच पिल्ले आणि अब्बांच्या काळापासून घरात असलेल्या, कागद नसलेल्या होमरांची पाच पिल्ले. एकच दाणा: ज्वारी, मका, हरभरा, मसूर, थोडी करडई. एकच टोपली, एकच दिवस, एकच वारा. वहीत आता वेगाचा रकानाही आला, पण ‘गेली’ आणि ‘आली’ यांच्या नंतर.

कराडपर्यंत दहाही आली. साताऱ्याहून तीन वेळा सोडली. तिन्ही वेळा दहाही आली, आणि पहिली दोन-तीन बहुतेक जान्सेनचीच. वेगाबद्दल लोक म्हणतात ते मला माझ्या छतावर दिसले. मग शिरवळहून सोडली, सरळ अंतर दीडशेच्या थोडे वर. त्या दिवशी वारा समोरून होता. घरच्या जोडीची पाचही मगरिबच्या आत आली, दमलेली, पण आली. जान्सेनची तीन आली, दोन राहिली.

मग चांगली जात कोणती? मी जातीवर निकाल देणार नाही. दहा पक्षी म्हणजे मूठभर. एवढेच म्हणेन की माझ्याकडची ही जोडी साताऱ्यापर्यंतच्या पल्ल्याला सरस आहे आणि पुढच्या पल्ल्याचा तिच्यावर भरवसा नाही. कुणाला पिल्लू देताना मी आता हेच वाक्य बोलतो आणि वही दाखवतो. विकत घेणाऱ्यांनाही माझा सल्ला असा की कागद जरूर बघा, पंख बघा, मग विचारा: ह्या जोडीची एकूण पिल्ले किती झाली? किती उडवली? किती पल्ल्यावरून? किती परतली? आणि शर्यतीत पाचवा आला म्हणतात तर किती पक्ष्यांत पाचवा? वीसांत पाचवा आणि पाचशेत पाचवा यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. उत्तर देताना समोरचा अडखळला तर समजा, कांडी मोडायची राहिली आहे.

जुन्या काळी कबुतराची पारख अशीच होत असे. बाराव्या शतकात सुलतान नूरुद्दीन जंगी यांनी कबुतरांची टपाल व्यवस्था उभी केली. अशा टपालात एकाच संदेशाच्या दोन प्रती दोन पक्ष्यांबरोबर पाठवत, कारण एखादा वाटेत जाणार हे गृहीत असे. आपल्या देशात ओडिशा पोलिसांनी 1946 पासून बेल्जियन होमर पाळले, आणि 1999 च्या महाचक्रीवादळात तारा-खांब कोसळले तेव्हाही त्यांच्याकडून काम घेतले. तिथे कुणी पहिला आला का विचारत नाही. चिठ्ठी पोहोचली का, एवढेच विचारतात.

शिलाई मशीन दोन वर्षांनी, ईदच्या आधी, माझ्या पगारातून आले. बायकोने त्याबद्दल मला कधी टोमणा मारला नाही. लेक आता कॉलेजात आहे, वही अजून तीच लिहिते.

ह्या वर्षीची पिल्ले मागच्या रविवारी पहिल्यांदा आष्ट्याहून सोडली. फजरनंतर निघालो, सोडून परत आलो. जिना चढताना मी घड्याळाकडे बघत वेग काढायला लागलो होतो, तेवढ्यात स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला, “अहो, सगळी आली का?”

मी वर जाऊन मोजली. आठ गेली होती. आठ आली होती. मग वेग काढला.