थर्ड शिफ्टचा चहा

थर्ड शिफ्टला रात्री तीन ते पाच हा वेळ सगळ्यात वाईट. दोनपर्यंत गप्पा चालतात, मग लाईनवरची माणसं एकदम गप्प होतात. नेमकं तेव्हाच कॅन्टीनचा पोरगा किटली घेऊन येतो. सणसवाडीत नगर रोडच्या दोन्ही अंगांना कंपन्या. रात्रपाळी जिथं आहे तिथं ही किटली आहेच. मी मेंटेनन्सला असतो. पॅनेल उघडून वायरी बघताना डुलकी लागणं परवडत नाही, म्हणून पाचच्या सुमाराला मी फुल कप घ्यायचो.

पंधरा-वीस मिनिटांत डोळे उघडायचे. पण ती ताकद नसते, हे मला फार उशिरा कळलं. आपण जागे असतो तोवर मेंदूत ॲडेनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं आणि ते आपल्या ठरलेल्या जागांवर बसलं की झोप येते. कॅफीनची घडण त्याच्यासारखीच, त्यामुळे ते आधी जाऊन त्या जागा अडवतं. एसटीत खिडकीतून रुमाल टाकतात ना, तसं. ॲडेनोसिन बिचारं उभंच राहतं आणि साठतही राहतं. रुमाल उचलला गेला की सगळी गर्दी एकदम बसते. सुट्टी होऊन बाईकवर बसल्यावर मान का पडते, त्याचं उत्तर यात आहे. आणि नगर रोडला सकाळी सातची वाहतूक काय असते ते इकडच्यांना सांगायला नको.

माझा खरा प्रश्न वेगळा होता. शेजारच्या खोलीतले अण्णा बीडकडचे, त्याच कंपनीत, त्याच शिफ्टला. सुटल्यावर आम्ही दोघं टपरीवर अजून एकेक चहा घ्यायचो आणि खोलीवर यायचो. नऊ वाजता अण्णांचं घोरणं भिंतीतून ऐकू यायचं आणि मी पंख्याची पाती मोजत पडलेला. छातीत धडधड, मध्येच लघवीला उठणं, रिकाम्या पोटात जळजळ. बायको म्हणायची, ‘तुम्हाला टेन्शन कसलं आहे?’

कंपनीत येणाऱ्या डॉक्टरांना विचारलं तर त्यांनी उलट मलाच विचारलं, ‘ते अण्णा बिडी ओढतात का?’ ओढायचे; दिवसाला बंडल. कॅफीन मोडायचं काम यकृतातलं एक विकर करतं आणि तंबाखूच्या धुरानं त्या विकराचा वेग वाढतो. न ओढणाऱ्याच्या रक्तातलं कॅफीन निम्म्यावर यायला साधारण पाच तास लागतात, ओढणाऱ्याला जवळपास त्याच्या अर्धे. म्हणजे सातच्या चहातलं निम्मं कॅफीन बारा वाजतासुद्धा माझ्या अंगात असायचं. अण्णांचं झोपेच्या आतच बरंचसं उतरलेलं. बिडीचा हा एवढाच फायदा, आणि तोसुद्धा तसा फायदा नाहीच.

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2024च्या मार्गदर्शिकेत चहाच्या एका कपात 30 ते 65 मिलिग्रॅम कॅफीन धरलंय आणि दिवसाची मर्यादा 300. आकडा ऐकून बरं वाटतं. पण आठ तासांच्या पाळीत, सुटल्यावर आणि संध्याकाळी उठल्यावर असे कप मोजायला लागलं की बरं वाटणं कमी होतं. कॅज्युअलची पोरं त्यात एनर्जी ड्रिंकचा डबा ओततात, तो हिशेब वेगळाच.

त्याच सुमारास बायकोला सातवा महिना लागला. ती दुपारी चारला एकच कप घ्यायची, तरी रात्री टक्क जागी. शेवटच्या महिन्यांत शरीर कॅफीन इतकं सावकाश मोडतं की निम्म्यावर यायला पंधरा तासही लागू शकतात. आशाताईंनी तर आधीच दम भरला होता: लोहाची गोळी आणि चहा एका वेळी नको. तो मात्र कॅफीनचा नाही, चहातल्या टॅनिनचा गुण. ते लोह अंगी लागू देत नाही. एक भिंत, एकाच पिशवीतलं दूध, आणि तिघांच्या अंगात तीन तऱ्हा.

मी पाचचा कप रात्री एक वाजताच घ्यायला लागलो आणि सुटल्यावरची टपरी सोडली. पहिले दोन दिवस दुपारनंतर कपाळ ठणकायचं. सवयीचं कॅफीन थांबलं की मेंदूतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, त्याचा हा ठणका. डोकेदुखीच्या काही गोळ्यांत कॅफीनच घातलेलं असतं ते उगीच नाही. आठवड्याभरात दहाला डोळा लागायला लागला.

पुढं आषाढीला अण्णांनी माळ घातली आणि बिडी टाकली. महिन्याभरात तेच माझ्या दारात: झोप नाही, हात थरथरतात, बिडी सोडल्याचं बाधतंय म्हणाले. थोडंफार तेही असेल. पण धूर थांबल्यावर विकराचा वेग पुन्हा उतरतो आणि तेवढ्याच चहाचं कॅफीन रक्तात जवळजवळ दुप्पट साठतं. मी म्हटलं, ‘अण्णा, चहा निम्मा करा.’

‘मटण सुटलं, बिडी सुटली,’ ते म्हणाले, ‘आता चहावर टपलास होय? माळ घालताना बुवांनी चहाचं नाव काढलं नव्हतं.’

पण हल्ली किटली आली की ते कटिंगच मागतात.